न घडलेल्याचा जमाखर्च

इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांनी २०१०-११ साली तरुणांसाठीच्या सेवांवर सुमारे १४० कोटी पौंड खर्च केले होते. महागाईचा हिशेब धरला, तर २०१८-१९ पर्यंत हा खर्च ४३ कोटींच्या घरात आला. वायएमसीए या संस्थेने परिषदांच्याच जमाखर्चावरून काढलेला हा आकडा आहे. दहा पौंडांतले सात गेले, असा त्याचा सरळ अर्थ. युनिसन या कर्मचारी संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०१२ नंतरच्या सहा-सात वर्षांत साडेसातशेच्या वर युवा केंद्रांना कुलूप लागले आणि साडेचार हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. शाळा बंद पडली की पालक रस्त्यावर येतात, रुग्णालय बंद पडले की खासदाराच्या दारावर मोर्चा जातो. संध्याकाळी दोन-तीन तास उघडे राहणारे, आत टेबल टेनिसचे एक टेबल, दोन जुनाट सोफे आणि चहाची किटली असलेले एक सभागृह बंद झाले, तर स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आल्या तर. या कपातीला सरकारदरबारी बचत म्हटले गेले. माझे म्हणणे असे, की यात बचत फारशी झालीच नाही. एका खात्यावरचा खर्च उचलून तो दुसऱ्या खात्यावर, पुढच्या तारखेला आणि व्याजासकट टाकला गेला. हे कुणाच्या दुष्टपणाने झाले असेही नाही. कायदा, हिशेब आणि राजकारण या तिघांनाही न घडलेली गोष्ट दिसत नाही, म्हणून झाले.

ही सेवा नेमकी काय, हे मराठी वाचकाला सांगताना पहिली अडचण शब्दाची येते. 'यूथ वर्कर'ला युवा कार्यकर्ता म्हणावे, तर आपल्याकडे त्या शब्दाबरोबर लगेच पक्षाचा फलक आणि दादांचा वाढदिवस डोळ्यांसमोर येतो. समाजसेवक म्हणावे तर तो माणूस पगारी असतो आणि त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी असते. मला जवळचा वाटतो तो तालमीतला वस्ताद: पोरांना घरून ओळखणारा, कुणाचा बाप दारू पितो आणि कुणाचे शाळेत बिनसले आहे याची खबर असलेला, आणि ज्याच्यासमोर आगाऊपणा करायला पोरे कचरतात असा मोठा माणूस. फरक इतकाच, की इंग्लंडातल्या या वस्तादाचा पगार नगराच्या तिजोरीतून येत होता. त्याच्या कामाचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे. त्याच्याकडे मुले आपणहून येतात आणि वाटेल तेव्हा निघून जाऊ शकतात. शिक्षकासमोर मूल बसते ते कायद्याने. पोलिसासमोर आणि बालकल्याण अधिकाऱ्यासमोर ते उभे राहते तेव्हा काहीतरी आधीच बिघडलेले असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात पगार घेऊन त्याची विचारपूस करणारा, पण त्याच्यावर कसलाही अधिकार नसलेला असा मोठा माणूस दुसरा सापडत नाही. अधिकार नसल्यामुळेच मूल त्याला खरे सांगते.

ही सेवा प्रेमापोटी जन्मली असे समजण्याचे कारण नाही. ती बरीचशी भीतीपोटी जन्मली. नोव्हेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, इंग्लंडच्या शिक्षण मंडळाने परिपत्रक काढून तरुणांची फुरसत ही सरकारची जबाबदारी असल्याचे पहिल्यांदा मान्य केले. बाप आघाडीवर, आई कारखान्यात, रस्त्यांवर अंधार, तेव्हा ही पोरे करणार काय, हा त्यामागचा प्रश्न होता. १९४४ च्या शिक्षण कायद्याने त्याला कायद्याचा आधार दिला, पण पुढची पंधरा वर्षे हे काम कसेबसे तग धरून होते. १९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात वांशिक दंगली झाल्या. सक्तीची लष्करी सेवा संपत आली होती आणि युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची मोठी लाट किशोरवयात शिरत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेडी आल्बमार्ल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६० मध्ये तिचा अहवाल आला. पूर्णवेळ युवा नेत्यांची संख्या सुमारे ७०० वरून १९६६ पर्यंत १,३०० वर न्यावी, त्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र महाविद्यालय काढावे, इमारती बांधाव्यात, असे तिने सुचवले. लेस्टरमध्ये ते महाविद्यालय १९६१ साली उघडलेही. हा इतिहास सांगायचा तो एवढ्यासाठी, की त्या पिढीतल्या राज्यकर्त्यांनीही हिशेबच केला होता. फक्त त्या हिशेबात पुढे काय घडू शकते याचा रकाना होता.

२०१० नंतर तो रकाना कसा पुसला गेला, हे समजायला परिषदांच्या तिजोरीत डोकवावे लागते. नव्या आघाडी सरकारने परिषदांना मिळणारे केंद्रीय अनुदान कापायला सुरुवात केली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाने २०१०-११ ते २०१७-१८ या सात वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आले. स्थानिक कर वाढवून खड्डा भरावा, तर ठरलेल्या मर्यादेपलीकडची वाढ जनमत घेतल्याशिवाय करता येणार नाही, अशी तरतूद २०११ च्या कायद्याने केली. त्याचबरोबर विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेल्या बहुतेक अनुदानांवरचे कुंपणही काढले गेले. परिषदांना आता स्वातंत्र्य मिळाले आहे, असे तेव्हा सांगितले गेले. रिकाम्या पिशवीतून हवे ते विकत घेण्याचे हे स्वातंत्र्य होते. उरलेला पैसा मग कायद्याने टाळताच येत नाही अशा कामांकडे वळला: वृद्धांची देखभाल, अपंगांची देखभाल, धोक्यात असलेल्या मुलांचे संरक्षण. युवासेवेला कायद्याचा आधार नव्हता असे नाही. १९९६ च्या शिक्षण कायद्यात २००६ साली घातलेले ५०७-ब हे कलम परिषदांवर तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी टाकते. पण ती टाकताना 'वाजवीपणे शक्य असेल तितपत' असा शब्दप्रयोग त्यात आहे, आणि पुरेशा म्हणजे किती, याचा आकडा कुठेच नाही. वकिलाच्या भाषेत हे कर्तव्य आहे, खजिनदाराच्या भाषेत सवलत. आपल्याकडेही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे ६३ वे कलम पालिकेने करायचीच कामे सांगते आणि ६६ वे कलम मर्जीची. पैसा आटला की कात्री कुठल्या कलमापासून चालू लागते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. केंद्रे बंद झाली, पण त्याने बिघडले काय? इथे घाईने हात घालू नये. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या टॉटनहॅममध्ये दंगल पेटली. टॉटनहॅम ज्या हॅरिंगे परिषदेत येते, तिने त्याच वर्षी आपल्या तेरा युवा केंद्रांपैकी आठ बंद केली होती. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की मन लगेच त्यांच्यात धागा ओवते, आणि तेव्हा अनेकांनी तो ओवलाही. पण ती दंगल पोलिसांच्या गोळीने एक माणूस मेल्यावर पेटली आणि जिथे केंद्रे उघडी होती त्या शहरांतही पसरली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षे या क्षेत्रातल्या लोकांनी असल्याच जोड्या पुढे केल्या, इकडे केंद्रांचा आलेख खाली आणि तिकडे चाकूहल्ल्यांचा वर. समोरच्याने मग विचारायचे, की त्याच काळात मोबाइलही वाढले, घरभाडेही वाढले, मग दोष केंद्रे बंद झाल्याचाच कशावरून? प्रश्न रास्त होता.

त्याचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर नोव्हेंबर २०२४ मध्ये इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. ही संस्था युवासेवेची कैवारी नाही. सरकार कुठल्याही पक्षाचे असो, अर्थसंकल्पाची चिरफाड करणे हे तिचे काम. लंडनमधली सुमारे तीस टक्के युवा केंद्रे २०१० ते २०१९ या काळात बंद झाली. ती सगळीकडे एकाच वेळी किंवा सारख्या प्रमाणात बंद झाली नाहीत, आणि नेमका हाच असमानपणा संशोधनाच्या कामी आला. ज्यांच्या घरापासून चालत चाळीस मिनिटांच्या आतले केंद्र गेले अशी मुले आणि ज्यांचे टिकले अशी मुले, यांची तुलना करता आली. शहर एकच, सरकार एकच, मोबाइलही तेच. दिसले असे, की केंद्र गमावलेल्या भागात दहा ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण चौदा टक्क्यांनी वाढले. सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेतले गुणही घसरले. सरसकट मुलांची घसरण मोठी नव्हती, पण शाळेत मोफत जेवण मिळण्याइतक्या गरीब घरांतल्या मुलांची त्याच्या दुपटीहून अधिक होती. मला गुन्ह्यांच्या आकड्यापेक्षा हा दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. युवा केंद्रात कुणी बीजगणित शिकवत नाही. तरी ते बंद झाल्यावर बीजगणिताचे गुण उतरतात, याचा अर्थ त्या दोन-तीन तासांत मुलाला असे काहीतरी मिळत होते, ज्याच्या जोरावर ते दुसऱ्या दिवशी शाळेत तग धरत होते. शेवटी त्या अभ्यासाने रोकड हिशेबही मांडला: केंद्रे बंद करून वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळजवळ तीन पौंडांची झळ बसली.

यावर एक आक्षेप असा येऊ शकतो, आणि तो आकड्यांनिशी येतो, की गेल्या पंधरा वर्षांत ब्रिटनमध्ये मुलांचे गुन्हे मुळात कमीच झाले आहेत. २०१० च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये अठरा वर्षांखालची दोन हजारांहून अधिक मुले बंदिवासात होती, २०२३ च्या सुमारास ती पाचशेच्याही खाली आली. केंद्रे गेली आणि तुरुंग रिकामे झाले, मग रडता कशाला? याला दोन उत्तरे आहेत. किती मुले कोंडली जातात हे मुले काय करतात यापेक्षा पोलीस आणि न्यायालये काय करतात यावर अधिक ठरते. किरकोळ गुन्ह्यात मूल सापडले तर त्याला खटल्यात न ओढता बाहेरच्या बाहेर मार्गी लावायचे, हे धोरण याच काळात रुजले, आणि ते चांगलेच झाले. दुसरे असे, की एकूण आलेख खाली येत असतानाही तो आणखी खाली आला असता की नाही, हा प्रश्न उरतोच. पावसाळा चांगला झाला म्हणून बंधारा फोडल्याचे नुकसान झाले नाही असे ठरत नाही. लंडनच्या अभ्यासाची ताकद याच ठिकाणी आहे: जी घट सगळीकडे होती ती दोन्ही बाजूंना सारखी होती, फरक पडला तो त्यावर.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे, आणि युवासेवेचे समर्थक त्याचे नाव घेणे टाळतात. १९७० साली जन्मलेल्या ब्रिटिश मुलांचा माग कित्येक दशके काढला गेला. त्या माहितीवरून लिऑन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे दाखवले, की किशोरवयात युवा केंद्रांत जाणारी मुले पुढे आयुष्यात इतरांपेक्षा मागे पडलेली दिसतात, खेळाच्या किंवा गणवेशधारी संघटनांत जाणारी तशी दिसत नाहीत. स्वीडनमधल्या एका अभ्यासानेही, नुसते उघडे ठेवलेले आणि कसलीच आखणी नसलेले केंद्र हे उडाणटप्पू पोरांना एकमेकांची ओळख करून देणारे ठिकाण ठरू शकते, असे सुचवले होते. याचा एक भाग निवडीचा आहे. ज्यांच्या घरात जागा नाही आणि पियानोच्या शिकवणीला पैसा नाही ती मुलेच केंद्रात अधिक येणार, आणि त्यांची पुढची वाट आधीच अवघड असणार. दवाखान्यात आजारी माणसे दिसतात म्हणून दवाखान्याने आजार होत नाही. पण एवढ्यावर हा आक्षेप उडवून लावू नये, कारण त्यात खरे काहीतरी आहे. चार भिंती, एक बिलियर्ड्सचे टेबल आणि कोपऱ्यात पेंगणारा रखवालदार म्हणजे युवासेवा नव्हे. तसले केंद्र चौकातल्या टोळक्याला फक्त छप्पर देते. हे मान्य केले की निष्कर्ष मात्र कपातीच्या बाजूने झुकत नाही. उलट पैसा इमारतीपेक्षा माणसावर, आणि तोही शिकलेल्या, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या माणसावर जायला हवा होता, असे ठरते. प्रत्यक्षात कपातीत पहिल्यांदा गेला तो हाच माणूस. अनेक ठिकाणी अनुभवी माणसे कमी करून दारे कशीबशी उघडी ठेवली गेली, मग काही वर्षांनी ती दारेही मिटली.

मुले आता घरात फोन घेऊन बसतात, केंद्रात येणार कोण, असेही म्हटले जाते. हा आक्षेप फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. मुले फोनवर आहेत हे खरे, पण जायला दुसरी जागाच ठेवली नाही आणि मग ती जागा कुणी मागत नाही म्हटले, तर त्या मागणीची परीक्षा कुठे झाली?

खरा तोलामोलाचा आक्षेप खजिनदाराचा आहे. तो म्हणतो, मला हे सगळे ठाऊक आहे, पण माझ्या पुढ्यात एका बाजूला मारहाण होणारे लहान मूल आहे आणि दुसऱ्या बाजूला टेबल टेनिस. मी कुणाला निवडू? या प्रश्नाला थेट उत्तर नाही, आणि ज्या अधिकाऱ्याने मुलाला निवडले त्याला दोषी म्हणता येणार नाही. पण ती निवड पुढच्या वर्षी कुठे घेऊन गेली ते पाहावे. इंग्लंडमध्ये परिषदांच्या ताब्यात असलेल्या, म्हणजे बहुतांशी आईबापांपासून काढून घ्याव्या लागलेल्या मुलांची संख्या २०१० मध्ये ६४ हजारांच्या आसपास होती, २०२३ मध्ये ती ८३ हजारांच्या वर गेली. यामागे युवा केंद्रे बंद होणे हे एकच कारण आहे असे कुणी म्हणू नये. गरिबी, घरांची टंचाई, बालमृत्यूच्या गाजलेल्या प्रकरणांनंतर अधिकाऱ्यांमध्ये आलेली धास्ती, सगळेच त्यात आहे. तरी आकार ओळखीचा आहे. लवकर लावायचा पैसा काढून घेतला, उशिरा लावायचा पैसा फुगला, तो भरायला लवकरचा आणखी काढला. आग विझवायला विहीर उपसायची आणि विहीर कोरडी म्हणून पुढची आग मोठी, असे हे चक्र. त्यात एक गोम अशी, की विहीर एकाची आणि आग दुसऱ्याची. केंद्र बंद केल्याचे पैसे परिषदेला वाचतात. पोलीस, न्यायालय आणि बंदिवास यांचा मोठा भार गृह आणि न्याय खाती उचलतात, जखमांवरच्या टाक्यांचा आरोग्य खाते. एका मुलाला वर्षभर कोंडून ठेवायला लाखाहून अधिक पौंड लागतात, पण ते बिल केंद्राला कुलूप लावणाऱ्या माणसाच्या टेबलावर कधीच येत नाही. एक पौंड वाचवून तीन गमावणे हा मूर्खपणा वाटतो, तो एकाच खिशाचा विचार केला तर. खिसे वेगळे असले की तोच व्यवहार शहाणपणाचा दिसू लागतो.

मग सरकारने हात काढून घ्यावा आणि समाजाने हे करावे, असा सूर निघतो, आणि मराठी वाचकाला तो पटण्याचा संभव अधिक. आमच्या तालमी, मंडळे, वाचनालये वर्गणीवर उभी राहिली, त्यांना कुठे परिषद होती? पण कोल्हापूरच्या तालमींचा बहर शाहू महाराजांच्या राजाश्रयाशिवाय सांगता येत नाही, आणि खासबागचे मैदान काही वर्गणीतून बांधलेले नाही. ब्रिटनमध्येही वायएमसीए १८४४ ची, बॉइज ब्रिगेड १८८३ ची. स्वयंसेवी काम शंभर वर्षे जोमात चालू असतानाच सरकारला त्यात उतरावे लागले, ते उगाच नव्हे. वर्गणी देणारे जिथे राहतात तिथे वर्गणी गोळा होते. जिथे गरज सर्वांत जास्त तिथे देणारे सर्वांत कमी. शिवाय वर्गणीबरोबर देणाऱ्याची मर्जी येते, आणि गणपतीच्या मांडवावर कुणाचा फोटो लागतो हे पाहिलेल्या माणसाला ते निराळे सांगायला नको. ब्रिटनने सरकारी पैशातूनच आणखी एक प्रयोग केला. २०११ पासून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी 'नॅशनल सिटिझन सर्व्हिस' नावाची काही आठवड्यांची शिबिरवजा योजना आली. २०१४-१५ ते २०१७-१८ या चार वर्षांत तिच्यावर ६३ कोटी ४० लाख पौंड ठेवले गेले, आणि स्थानिक परिषदांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे केंद्र सरकारने युवासेवांसाठी काढलेल्या पैशातला ९५ टक्के हिस्सा तोच होता. २०१६ मध्ये दर मुलामागे खर्च १,८६३ पौंड आला, असे लेखापरीक्षकांनी नोंदवले. शिबिरे वाईट नव्हती, मुलांना आवडलीही. पण शिबिराला उद्घाटन असते, छायाचित्र असते, सहभागी झालेल्यांचा आकडा असतो. दर मंगळवारी त्याच दारात उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच नसते. २०२४ च्या अखेरीस सरकारने हीही योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

आता वारे थोडे फिरले आहे, पण फिरताना तेही जुन्याच दिशेने वाहते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या निधीचे ध्येय होते मागास भागांत तीनशेपर्यंत युवा केंद्रे नव्याने बांधणे किंवा दुरुस्त करणे. भांडवली खर्च मंजूर करायला सोपा: इमारत दिसते, फीत कापता येते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मागत नाही. पगार दरवर्षी मागतो. परिषदांनी आधीच्या दशकात विकलेल्या वास्तूंच्या जागी नव्या वास्तू उभ्या करणे यातला विनोद बाजूला ठेवला, तरी त्यात उभे राहायला माणूस लागणार आहे. या व्यवसायात मान्यताप्राप्त म्हणवून घ्यायला २०१० पासून ऑनर्स पदवी लागते, आणि नोकऱ्याच नाहीत म्हटल्यावर त्या अभ्यासक्रमांकडची ओढही आटली. आज पैसा मंजूर झाला आणि आजच कुणी प्रवेश घेतला, तरी तो पदवीधर होऊन दारात उभा राहायला तीन वर्षे लागतात, आणि परिसरातल्या पोरांना त्याचे नाव माहीत व्हायला आणखी एक-दोन. आज तेरा वर्षांचा असलेला मुलगा तोवर अठराव्या वर्षात गेलेला असेल.